तबकडीला नाही म्हणणाऱ्या केसरबाई आणि ताऱ्यांकडे निघालेली त्यांची भैरवी

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गाण्याचा विषय निघाला की अल्लादियाँ खाँसाहेबांचं नाव निघतंच. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, देवल क्लबच्या मैफली, जयपूर-अत्रौली घराणं हे सगळं थोरामोठ्यांच्या बोलण्यात आपण ऐकलेलं असतं. पण खाँसाहेबांचं गाणं कसं होतं, हे कानानं सांगणारा माणूस आता उरला नाही. त्यांची एकही तबकडी निघाली नाही. १९४६ च्या १६ मार्चला ते मुंबईत गेले आणि आवाज त्यांच्याबरोबर गेला. पुढं राहिलं ते शिष्यांच्या गळ्यातलं गाणं. या शिष्यांत सगळ्यात दबदबा होता केसरबाई केरकरांचा. आजचा लेख त्यांच्यावर.

बाई मूळच्या गोव्याच्या. फोंड्याजवळ केरी म्हणून गाव आहे, तिथं १३ जुलै १८९२ ला त्यांचा जन्म झाला. घराणं कलावंतांचं, म्हणजे देवळाच्या सेवेत गाणं-नाचणं करणाऱ्या बायकांचं. अशा घरात गळा असलेली पोर जन्माला आली की तिचं पुढचं आयुष्य ठरल्यासारखंच असे. गाणं शिकायचं आणि कुणातरी धनिकाच्या आधारानं जगायचं. समाज गाणं ऐकायला पुढं आणि मान द्यायला मागं. केसरबाईंचा पुढचा सगळा ताठा, पैशाच्या बाबतीतला कडकपणा, बैठकीत कुणी बोललं तर न खपणं, हे या मुळातून बघितलं तर नीट कळतं. नुसतं गर्विष्ठ बाई म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

आठ वर्षांची असताना ही पोरगी आपल्या कोल्हापुरात आली. इथं तिला अब्दुल करीम खाँसाहेबांकडं आठ महिने शिकायला मिळालं. हेच खाँसाहेब पुढं मिरजेत स्थायिक झाले. आठ महिने म्हणजे गाण्यात काहीच नाही, पण सूर कसा लावायचा याची पहिली ओळख तिला या मातीत झाली, एवढं आपण अभिमानानं सांगू शकतो. मग ती गोव्याला परत गेली. रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडं शिकली. गुरू येईल तेव्हा शिकायचं, जाईल तेव्हा थांबायचं. आपल्याकडं पूर्वी कॅनॉलचं पाणी यायचं, तसा प्रकार.

सोळाव्या वर्षी आई आणि मामाबरोबर ती मुंबईला आली. मुंबईत त्या वेळी गाण्याला पैसा होता. गिरगाव, ग्रँट रोड, ठाकूरद्वार या पट्ट्यात नाटक कंपन्या, गवई, बजवय्ये आणि ऐकणारे शेठ असे सगळे जवळजवळ राहत. विठ्ठलदास द्वारकादास नावाच्या शेठजींनी केसरबाईंच्या शिक्षणाचा भार घेतला. पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडं अधूनमधून दोन वर्षं तालीम झाली. ते म्हैसूरला गेले. मग थोडे दिवस भास्करबुवा बखले, थोडे दिवस पुन्हा वझेबुवा. गुरू एकापेक्षा एक, पण सलग तालीम कुठंच नाही. बाईंची विशी अशीच सरली.

शेवटी १९२१ साली अल्लादियाँ खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. तेव्हा बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. या वयात बाकीच्या गायिका नाव कमावून बसलेल्या असतात. केसरबाईंनी मात्र पहिलं सगळं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात केली आणि पुढची अकरा वर्षं कडक मेहनत घेतली. खाँसाहेबांचा मूळ आवाज म्हणे फार सुरेल होता. तरुणपणी आमलेटा संस्थानात रोज तासन् तास गावं लागलं, त्यात तो गेला. पुन्हा आला तो जाडाभरडा होऊन. त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी डोक्यानं बांधून काढली. लांब पल्ल्याच्या ताना, एकात एक गुंतलेल्या, आणि कुणी सहसा गात नाही असले अवघड राग. ही गायकी केसरबाईंच्या धारदार, खुल्या गळ्यात उतरली. गुरूनं जे डोक्यानं बांधलं ते शिष्येच्या गळ्यातून झळकलं, असं जाणकार सांगतात. १९३० च्या सुमारास बाई बाहेर गायला लागल्या. पण शिकणं थांबलं नाही, ते खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत चालू राहिलं.

आता इथं तबकडीच्या धंद्याचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर बाईंचा हट्ट कळणार नाही.

हिंदुस्थानात रेकॉर्डचा धंदा सुरू झाला १९०२ साली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला पाठवला. त्याला आपली भाषा येत नव्हती, राग कळत नव्हता. त्याला हवा होता खपणारा माल. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यानं गौहर जानचं गाणं घेतलं आणि ती देशाची पहिली मोठी तबकडी-गायिका झाली. त्या वेळी माईक नव्हता. भिंतीतून आलेल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, तिकडं सुई मेणावर आवाज कोरत जायची. तो मेणाचा साचा बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तिथं तबकड्या छापून परत यायच्या. छापणाऱ्याला गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगे. गौहर जान तर ते इंग्रजीत सांगायची. पुढं १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, आणि १९२८ ला डमडमचा. माईक १९२५ नंतर आला आणि कर्ण्यात ओरडायची कटकट गेली.

ही जुनी तबकडी कशाची, हे शेतकऱ्यानं तरी माहीत करून घ्यावं. ती लाखेची असायची. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जो लाखेचा किडा बसतो, त्याचं हे राळेसारखं उत्पन्न. त्यात दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे तंतू घालून तबकडी दाबून काढत. म्हणून ती हातातून पडली की मडक्यासारखी फुटायची. लाख पिकवायचे छोटा नागपूरकडचे आदिवासी, आमच्याकडं बांधावरचा पळस मात्र पत्रावळी आणि जळणापुरता. जगभरच्या तबकड्यांना आपली लाख लागायची. दुसऱ्या महायुद्धात लाखेची एवढी टंचाई पडली की जुन्या फुटक्या तबकड्या गोळा करून नव्या करायची वेळ आली. पिकवणाऱ्याच्या हातात किती पडलं असेल, ते ऊस घालणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मुंबईचा वाटा यात मोठा. ऐकणारं गिऱ्हाईक इथंच होतं. गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ ला आलम आरा लागला, बोलपट आला, आणि तबकडीचा धंदा सिनेमाच्या गाण्याकडं वळला. नॅशनल ग्रामोफोन कंपनीनं वडाळ्यात कारखाना घालून १९३५ पासून यंग इंडिया नावाच्या तबकड्या काढल्या. त्या साधारण १९५५ पर्यंत चालल्या. मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं अशा कितीतरी मराठी माणसांचा आवाज या देशी छापावर राहिला. लालबाग-परळच्या चाळीत गणपतीला, बारशाला भाड्याचा फोनो आणून लावत. मिलमध्ये कामाला गेलेला आपल्याकडचा माणूस गावाकडं येताना फोनो आणि चार-सहा तबकड्या घेऊन आला, की आळी जमायची. चावी द्यायची, सुई बदलायची, आणि कर्ण्यापुढं बसलेल्या कुत्र्याच्या चित्राकडं पोरांनी बघत बसायचं. म्हाताऱ्या माणसांकडून हे अजून ऐकायला मिळतं.

पण या तबकडीत एक मोठी खोट होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बस. नाट्यपदाला, भावगीताला, लावणीला तेवढं पुरायचं. ख्याल गाणाऱ्यानं काय करायचं? केसरबाई एक राग तासभर मांडणार, हळूहळू वर नेणार. त्याला तीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे अख्खा बैल खुराड्यात घालण्यातला प्रकार. पैशाची रीत पण अशी की बहुतेकांना एकरकमी काहीतरी मिळायचं, मग तबकडी हजारांनी खपो नाहीतर पडून राहो. रॉयल्टी थोड्यांच्याच वाट्याला. काही गवयांनी वेळेचं हे गणित जमवून घेतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांनी किराणा घराणं घराघरांत नेलं. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकरांनी तर तबकडीच्या जोरावर महाराष्ट्र जिंकला. आणि असंही झालं की अल्लादियाँ खाँ, भास्करबुवा बखले यांच्यासारखे डोंगराएवढे लोक तबकडीत आलेच नाहीत.

केसरबाई या दोन टोकांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन छापांवर त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. ललत, तोडी, मालकंस, नट कामोद, जयजयवंती, गौड मल्हार असे राग, प्रत्येक तीन-साडेतीन मिनिटांचा. त्या ऐकल्या तर कळतं की बाईंनी घाई केलेली नाही. तासाचं गाणं कापून दिलंय असं वाटत नाही, तेवढ्या जागेपुरतं वेगळं बांधून दिलंय असं वाटतं. आणि मग त्या बाजूला झाल्या. मैफलीत कुणी यंत्र लावून गाणं भरून घेतंय हे त्यांना खपत नसे. रेडिओपासूनही त्या लांबच राहिल्या. आपलं गाणं कोण, कुठं, काय करत ऐकणार यावर आपला ताबा राहणार नाही, ही त्यांची भीती असल्याचं सांगतात. दुसरी भीती चोरीची. घराण्यातल्या बंदिशी, अवघड रागांच्या वाटा ही त्या काळी वडिलोपार्जित जमिनीसारखी गोष्ट. तबकडी बाजारात गेली की कुणीही पन्नास वेळा लावून ती उचलणार. गुरूला दाम मोजून, उमेदीची अकरा वर्षं घालून जे मिळवलं, ते दोन-चार रुपयांच्या तबकडीत का द्यावं?

मला स्वतःला हा हट्ट निम्मा पटतो, निम्मा पटत नाही. जिच्या आई-आजीच्या पिढीला गाण्याच्या बदल्यात मान मिळाला नाही, तिनं आपल्या गाण्याची किंमत आपणच ठरवली, यात चुकीचं काही नाही. मोठ्या मैफलीत बिदागी ठरल्याशिवाय त्या बसत नसत आणि ती आकड्यानं भारी असे. माल आपला, तर भाव आपण का सांगू नये? शेतकऱ्याला हे जमलं नाही, बाईंना जमलं. पण दुसरी बाजू अशी की त्यांची मैफल ऐकली ती संस्थानिकांनी, शेठ लोकांनी, मुंबई-कलकत्त्याच्या परिषदांना जाणाऱ्यांनी. गिरणीतला माणूस, खेड्यातला माणूस यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. हिराबाई पोचल्या. केसरबाईंचं तास-दीड तासाचं भरात आलेलं गाणं आपल्या नशिबात नाही, हे नुकसान त्यांच्या हट्टानंच झालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मान मात्र भरभरून मिळाला. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं आवडे. कलकत्त्याच्या रसिकांनी १९४८ मध्ये त्यांना सूरश्री हा किताब दिला आणि तो नावालाच चिकटला. १९५३ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं राज्य गायिका म्हणून गौरवलं. त्याआधीच, सत्तरीच्या आसपास, आवाज पूर्वीसारखा साथ देईना म्हटल्यावर त्यांनी जाहीर गाणं बंद केलं होतं. उतरता आवाज लोकांनी ऐकावा हे त्यांना मंजूर नव्हतं. दादरला शिवाजी पार्कजवळ त्यांचं घर. तिथं त्या राहिल्या. शिष्य करून घेण्यात पण हात आखडता. पुढं ज्यांचं नाव झालं अशी एकच शिष्या, धोंडूताई कुलकर्णी. त्या पुन्हा आपल्या कोल्हापूरच्या. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडं कोल्हापुरात शिकलेल्या. म्हणजे इथून गेलेलं गाणं मुंबईत केसरबाईंच्या घरी परत एकत्र आलं. धोंडूताई २०१४ मध्ये वारल्या.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळं केसरबाईंचं नाव आजच्या मोबाईलवाल्या पोरांना पण कधीतरी दिसतं.

१९७७ मध्ये अमेरिकेची नासा ही संस्था व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडायच्या तयारीत होती. गुरू, शनी असे लांबचे ग्रह बघून ती पुढं सूर्याचा मुलूख सोडून कायमची जाणार होती. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मनात आलं की यानाबरोबर पृथ्वीची ओळख पाठवू. कशात पाठवायची? तबकडीतच. तांब्याची, बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली. बरोबर सुई आणि वाजवायचं कसं त्याची चित्रं. पंचावन्न भाषांतले नमस्कार त्यात आहेत, त्यात मराठी पण आहे. शंभरावर चित्रं आहेत. आणि जगभरातली सत्तावीस गाणी-वाजवणी, साधारण दीड तासाची. हिंदुस्थानातून एकच गाणं घ्यायचं होतं. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकानं नाव सुचवलं केसरबाईंचं. भैरवी, 'जात कहां हो'. साडेतीन मिनिटं.

पुढची अडचण मजेशीर. ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. तबकड्याच मोजक्या दिलेल्या, त्यात कंपनीनं छापणं थांबवलेलं. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. या कामातल्या ॲन ड्रुयन यांनी ती शोधून काढली. ज्या बाईंनी आपलं गाणं कुठं वाजेल याचा आयुष्यभर घोर केला, त्यांचं गाणं मिक्सर-पंख्यांच्या दुकानातून उचललं गेलं.

व्हॉयेजर २ उडालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला. बरोबर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. व्हॉयेजर १ नं ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली, दुसऱ्यानं नोव्हेंबर २०१८ मध्ये. पहिलं यान आज आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरच्या पुढं आहे. त्याची वीज कमी कमी होत चाललीय, एक एक यंत्र बंद करावं लागतंय. वीज संपली तरी तबकडीला काही होणार नाही, कारण तिला वीज लागतच नाही. ज्याला सापडेल त्यानं फिरवायची आणि सुई ठेवायची, बस.

ही भैरवी आता मोबाईलवर फुकट मिळते. मागच्या उन्हाळ्यात रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजताना मोटारीच्या खोपटात बसून मी ती लागोपाठ चार वेळा लावली. पहिल्यांदा खरखरच जास्त ऐकू आली. दुसऱ्यांदा आवाजाची धार कळली. चौथ्या वेळी साडेतीन मिनिटं कधी संपली समजलं नाही आणि पाणी दुसऱ्या सरीत गेलं. शास्त्रीय गाणं आपल्याला कळत नाही म्हणून लांब राहणाऱ्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही. भैरवी कानाला ओळखीची असते, आपल्या भजनाचा शेवट तीच करते.

गोव्यात केरीच्या हायस्कूलला आज बाईंचं नाव आहे, आणि कला अकादमी दरवर्षी त्यांच्या नावानं संगीत समारोह भरवते. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. चोरबाजारात, भंगारात जाणाऱ्या जुन्या तबकड्या जमवून त्यांची नोंद करण्याचं काम तिनं केलं. केसरबाईंच्याच काय, यंग इंडियाच्या छापावरच्या विसरलेल्या गायकांच्या तबकड्या अशा हौशी माणसांमुळं टिकल्या.

आपल्याकडं जुन्या वाड्यांत, माळ्यावर अजून अशा तबकड्या पडलेल्या असतात. भंगारवाला किलोवर नेतो. घरात असतील तर एकावर एक रचून ठेवू नका, उभ्या ठेवा, पत्र्याखालच्या उन्हात ठेवू नका. आणि साफ करायच्या नादात स्पिरिटनं मुळीच पुसू नका. ती लाख आहे, स्पिरिटनं विरघळते. मऊ सुती कापडानं धूळ झाडा आणि मधल्या कागदावर गाणाऱ्याचं नाव, कंपनी आणि नंबर काय आहे ते वहीत उतरवून ठेवा.